लाकडी धनुष्यावर कोणत्या सापाची कातडी चढवावी?

ओसेज ऑरेंज किंवा हिकरी या अमेरिकी झाडांच्या लाकडाचं धनुष्य घडवून झालं, दोन्ही भुजा (मुठीच्या वर-खालचे वाकणारे भाग) सारख्या वाकू लागल्या, की पाठीवर सापाची कातडी चढवायचा मोह होतोच. (पाठ म्हणजे लक्ष्याकडची बाजू.) अमेरिकेत ही रीत जुनी आहे. तिथल्या मैदानी प्रदेशातल्या मूळ रहिवाशांच्या काही धनुष्यांवर स्नायुतंतूंचा थर आणि त्यावर रॅटलस्नेकची, म्हणजे शेपटीने खुळखुळा वाजवणाऱ्या विषारी सापाची, कातडी असे. ओलीपासून त्या थराचा बचाव व्हायचा. आज टेक्सास-ओक्लाहोमाकडचे हौशी कारागीर शोभेसाठीच ती लावतात. एवढं मात्र पक्कं लक्षात घ्या: कातडीने धनुष्याला ताकद येत नाही. पाठीवरचं वाढीचं वलय (लाकडाचा वार्षिक थर) कापलं गेलं असेल, तर कातडीखालीही ते धनुष्य मोडणारच.

सापाची जात ठरवण्याआधी टेप हातात घ्या. 66 इंची धनुष्यात मुठीला 4 इंच गेले, तर प्रत्येक भुजेला 31 इंच उरतात. भुजा मुठीजवळ दीड इंच रुंद आणि टोकाला अर्धा इंच, असं धरू. सापाची मान अरुंद, पोट रुंद, शेपूट निमुळतं. म्हणून शेपूट धनुष्याच्या टोकाकडे ठेवायचं, तिथून मुठीकडे 31 इंच मोजायचे आणि मानेकडचं अरुंद कातडं सोडून द्यायचं. शेपूट टोकाकडे असलं की खवल्यांची दिशाही मुठीकडून टोकाकडे जाते आणि त्या दिशेने हात फिरवला तर खवले अडत नाहीत. मुठीपाशी किमान 2 इंच रुंदी हवी, आणि लांबीत दोन इंच जास्तीचे ठेवा, कारण ताणून वाळवलेली कातडी भिजली की आखडते.

या हिशोबात सहज बसतो तो वेस्टर्न डायमंडबॅक, रॅटलस्नेकचीच एक जात. चार फुटी सापाची कातडी एका भुजेला पुरते आणि वर उरते. पाठीवर ओळीने चौकटी, शेवटी शेपटीवर काळे-पांढरे पट्टे. हे पट्टे धनुष्याच्या दोन्ही टोकांना समोरासमोर आले, की पहिलंच धनुष्य असलं तरी कसबी हातातलं वाटतं. हा साप टेक्सास, ओक्लाहोमा, न्यू मेक्सिको, अ‍ॅरिझोना या भागात भरपूर आहे, त्यामुळे कातडी सहज मिळते आणि दोन भुजांसाठी सारख्या दिसणाऱ्या दोन कातड्यांची जोडी जुळवायला निवड असते. माझं मत विचाराल तर पहिल्या धनुष्याला हीच घ्या.

ईस्टर्न डायमंडबॅक दिसायला अधिक देखणा. त्याच्या चौकटींना पिवळसर कड असते आणि साप मोठा असल्याने लांब धनुष्यालाही पुरतो. तरीही मी तो सुचवत नाही. आग्नेय अमेरिकेतली लाँगलीफ पाइनची जंगलं गेली, तसा हा सापही घटत चालला आहे. सजावटीसाठी त्यातला एकही कमी करावा असं मला वाटत नाही. टिंबर रॅटलस्नेकची तीच गत: मखमली काळं शेपूट, अंगावर नागमोडी काळे पट्टे, पण अनेक राज्यांत त्याला कायद्याचं संरक्षण आहे. कुठल्या राज्यातून आली हे विक्रेत्याला सांगता आलं नाही, तर ती कातडी घेऊ नका.

कॉपरहेड या अमेरिकेतल्या विषारी सापावर बरेच जण भुलतात. तांबूस रंग, त्यावर गडद आडवे पट्टे, मधे कण्यावर अरुंद आणि दोन्ही कुशींना रुंद, अगदी डमरूसारखे. गोम तिथेच आहे. दीड इंची भुजेवर फक्त मधला भाग राहतो. रुंद कुशी कडेला कापल्या जातात आणि डमरूचा नुसता आडवा डाग उरतो. शिवाय हा साप बहुधा दोन-तीन फुटांचाच असतो, मान वजा जाता 31 इंच निघणं कठीण. आखूड, रुंद भुजांचं धनुष्य असेल तरच याचा विचार करा.

अजगराचा हिशोब वेगळा आहे. कातडी इतकी रुंद, की एकाच सापातून दोन लांब पट्ट्या निघतात आणि रंगाची जोडी आपोआप जुळते. पण त्याचे ठिपके मोठे असतात. अरुंद पट्टीत ते अर्धेमुर्धे कापले जातात आणि नक्षीचा धागाच सापडत नाही. कातडंही जाड. टोकाकडे वाढलेलं वजन बाणाचा वेग खातं. आग्नेय आशियातून येणाऱ्या अजगराच्या कातडीला साइट्सची (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराची) कागदपत्रं लागतात, आणि कॅलिफोर्नियात अजगर व नागाच्या कातडीच्या विक्रीवर बंदी आहे. अजगरच हवा असेल तर फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्समधून पकडलेल्या बर्मी अजगराची कातडी मागा. तिथे हा प्राणी उपरा आहे, स्थानिक जीव संपवतो, आणि त्याला हटवावं यासाठी राज्य सरकारच स्पर्धा घेतं.

जोडी जुळवणं हे खरं डोळ्याचं काम. दोन्ही कातड्या एकाच विक्रेत्याकडून, शक्यतो एकाच भागातल्या सापांच्या घ्या. एकाच जातीचा वाळवंटातला साप फिकट आणि गवताळ भागातला गडद निघतो. ‘मॅच्ड पेअर’ (जुळवलेली जोडी) म्हणून विकत असतील तर दोन्ही शेजारी शेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो मागा. मग शेपटीकडून 31 इंचांत किती चौकटी येतात ते दोन्हींवर मोजा. एक-दोनचा फरक चालतो, चारचा डोळ्यात खुपतो. शेपटीची लांबीही पाहा. नराचं शेपूट मादीपेक्षा लांब असतं, त्यामुळे एक नर, एक मादी आली तर टोकांचे पट्टे जुळत नाहीत. कातडी पोटाकडून चिरलेली हवी, म्हणजे कणा बरोबर मधोमध येतो.

खरेदीत अजून एक प्रश्न असतो: कच्ची, नुसती वाळवलेली कातडी घ्यावी की कमावलेली? धनुष्यासाठी कच्ची. ग्लिसरीनमध्ये मऊ केलेली कातडी हॅटच्या पट्ट्याला छान, पण तिच्यातला ओशटपणा गोंद धरू देत नाही. कच्ची कातडी कोमट पाण्यात मऊ होईपर्यंत भिजवा, आतला मांसाचा पापुद्रा खरवडा, भांड्यांच्या साबणाने चरबी काढा आणि सरस किंवा टाइटबाँड या लाकडाच्या गोंदाने चिकटवा. बोटाने मधून कडेकडे दाबत हवेचे फुगे काढा, पण ताणू नका. ताणलं की खवल्यांमध्ये फटी पडतात आणि दोन भुजांवरची नक्षी वेगळी दिसते. दोन दिवस वाळू द्या, कडा कानशीने उतरवा आणि वरचे सुटे, पारदर्शक खवले चिकटपट्टीने उपटून काढा. हे खवले राहिले तर व्हार्निश त्यांच्याबरोबर सोलून येतं. फिकट कातडीतून खालचा रंग दिसतो, म्हणून पिवळसर ओसेजवर ती उबदार वाटते आणि गडद लाकडावर मळकट.

ताजा साप कुणी देऊ केला तर सावध राहा. रॅटलस्नेकचं छाटलेलं डोकंही बराच वेळ चावू शकतं. ते आधी पुरून टाका. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, म्हणून स्वयंपाकघरातली सुरी आणि ओटा या कामाला वापरू नका.

महाराष्ट्रात किंवा गोव्यात बसून धनुष्य घडवत असाल, तर वरचं काहीच लागू नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडच्या सापांना संरक्षण आहे. नाग, धामण, अजगर, कुणाचीही कातडी जवळ बाळगू नका, रस्त्यावर मेलेल्या सापाचीसुद्धा. अमेरिकेतून कातडी लावलेलं धनुष्य आणायचं असेल तर आधी परवान्यांची लेखी खात्री करून घ्या. इथल्या कारागिराने पाठीवर रेशमी कापड सरसाने चिकटवावं आणि त्यावर हवी ती नक्षी रंगवावी. रेशीम पाठीवरच्या बारीक चिरांना थोडंफार धरूनही ठेवतं, जे सापाच्या पातळ कातडीला जमत नाही.