बोटांना सोसतील अशा गिटारच्या तारा: दहा महिने, चार सेट आणि एक कानस

निकाल आधीच सांगून टाकते. सध्या माझ्या गिटारवर 11-52चा कोटेड फॉस्फर ब्राँझचा सेट आहे आणि तो बदलायचा माझा विचार नाही. पण बोटांचं दुखणं निम्म्याहून जास्त कमी केलं ते कानशीने. तारांचा नंबर त्यानंतरचा. हे उमगेपर्यंत सात महिने आणि दोन सेट गेले, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

गिटार मोठ्या अंगाची, ड्रेडनॉट, स्टीलच्या तारांची. आली तेव्हा तिच्यावर 12-53 होत्या. हा आकडा म्हणजे पहिल्या आणि सहाव्या तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. 12ची तार म्हणजे साधारण 0.30 मिलिमीटर, 10ची 0.25. ऐकायला फरक फुटकळ वाटतो, पण सूर तोच ठेवला तर साध्या तारेचा ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. 12ची पहिली तार सुमारे साडेदहा किलोच्या ओढीने ताणलेली असते, 11ची नऊच्या जवळपास आणि 10ची सातच्या थोडी वर. सहाही तारा धरल्या तर 12च्या सेटचा ताण 73-74 किलोच्या घरात जातो, 10चा 60च्या आसपास राहतो. दुकानात हे कुणी सांगत नाही. 'लाइट' लिहिलेलं पाकीट हातात ठेवतात, आणि आपल्याला वाटतं लाइट म्हणजे हलकं. अकूस्टिकच्या भाषेत 'लाइट' म्हणजे 12. नवशिक्याला हवं असतं ते 'कस्टम लाइट' (11) किंवा 'एक्स्ट्रा लाइट' (10).

सगळे सांगत होते की घट्टे पडले की दुखायचं थांबेल. घट्टे पडले, महिनाभरात पडले. टोकाची आग थांबली, पण एफ कॉर्ड (तर्जनी आडवी टाकून एकदम अनेक तारा दाबायचा स्वरमेळ) धरल्यावर अंगठ्याच्या मुळाशी जी कळ यायची ती तशीच होती. तेव्हा लक्षात आलं की आपण सरसकट 'दुखतंय' म्हणतो त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एक दाबणं: तार फ्रेटपर्यंत (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीपर्यंत) खाली न्यायला लागणारा जोर. दुसरं घासणं: गुंडाळी असलेल्या (वरून बारीक तार गुंडाळलेल्या, जाड) तारांवरून बोट सरकताना लागणारी खरखर. तिसरं रुतणं: पहिल्या दोन बारीक तारा सुरीसारख्या कातडीत शिरतात ते. प्रत्येकावर औषध वेगळं आहे, आणि 'सॉफ्ट' म्हणून विकला जाणारा कुठलाही सेट तिन्हींवर चालत नाही.

पहिला बदल केला तो 10-47, 80/20 ब्राँझ. (80 टक्के तांबं, 20 टक्के जस्त, म्हणजे हे चक्क पितळ. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात, इथे तर कथीलही नाही.) पहिल्या दिवशी वाटलं, सुटले! एफ कॉर्ड चक्क वाजली. मग आठवड्याभरात तीन गोष्टी खटकायला लागल्या. आवाज झळझळीत होता पण पोट नव्हतं, जोरात पिक (तारा छेडायची चकती) मारला की खर्जाच्या जाड तारा लटलटायच्या. दुसरं, ताण कमी झाल्याने नेक, म्हणजे गिटारची मान, किंचित मागे सरली आणि तारा फ्रेटवर घरघरू लागल्या. जवारी तंबोऱ्याला शोभते, गिटारला नाही. ट्रस रॉड (मानेच्या आतली, तिचा बाक ठरवणारी सळई) पाव फेरा सैल केल्यावर ते थांबलं. तिसरी गोष्ट मात्र उपयोगाची निघाली. ट्यूनरवर सगळ्या मोकळ्या तारा बरोबर, आणि कॉर्ड धरली की बेसूर. दोष तारांचा नव्हता. 12वर झगडून झगडून मला गरजेच्या दुप्पट जोर लावायची खोड लागली होती, आणि सैल तारेवर तेवढा जोर दिला की सूर वर चढतो. तो सेट माझा मास्तरच झाला. फ्रेटच्या अगदी मागे, तिला खेटून बोट ठेवायचं आणि तार जेमतेम वाजेल एवढंच दाबायचं, हे मला 10ने शिकवलं. रुतणं मात्र कमी झालं नाही. तार बारीक झाल्यावर ती जास्तच धारदार लागायची, आणि अर्ध्या तासाने तर्जनीवर रेघ उमटायचीच.

तीन महिन्यांनी 'सिल्क अँड स्टील' घेतल्या, 11-47. नाव ऐकून रेशमाच्या तारांची स्वप्नं पडली होती. प्रत्यक्षात गाभा स्टीलचाच असतो, त्याच्याभोवती रेशमाचे किंवा नायलॉनसारखे तंतू, आणि वरून चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याची गुंडाळी. ओढ खरोखर कमी वाटते, 10च्या सेटएवढीच. खरखरही मवाळ. बोटांनी सावकाश छेडत वाजवलं तर आवाज इतका गोड, की या तारांवर रात्री वाजवायला बसले आणि बाराच्या आधी उठले असं क्वचितच झालं. पण चार जणांच्या गाण्याला साथ करायला गेलं की तो आवाज कुठल्या कुठे विरून जातो. पिक तर त्यांना सोसतच नाही. शिवाय माझ्या घामाने दीड महिन्यात चौथी तार काळी पडली.

आणि या सेटने एक भ्रम कायमचा घालवला. रेशीम तिसऱ्या तारेपासून पुढे आहे, पहिल्या दोन तारा साध्या स्टीलच्या. 80/20 घ्या, फॉस्फर ब्राँझ घ्या, सिल्क घ्या, स्टीलच्या गिटारसाठी हे जे सेट मिळतात त्यांत पहिल्या दोन तारा उघड्या पोलादाच्याच असतात. सगळा फरक गुंडाळीत. म्हणजे जिथे रुततं तिथे पाकिटावरच्या 'ब्राँझ'चा आणि 'सिल्क'चा काही संबंधच नाही. तिथे चालतं ते गेज (तारेची जाडी), घट्टे आणि तारेची उंची.

उंचीकडे मी सात महिने पाहिलंच नव्हतं. ट्रस रॉडवरून काही शंका आली म्हणून गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे नेली. त्यांनी तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली आणि मला पहिल्या फ्रेटवर डोळा लावून बघायला सांगितलं. तिथे तार आणि फ्रेट यांच्यात केसभर फट हवी, माझ्याकडे जाड पुठ्ठा सरकला असता. म्हणजे नटच्या (मानेच्या टोकाला तारा ज्या पट्टीच्या खाचांतून जातात तिच्या) खाचा कमी कोरलेल्या. एफ कॉर्ड पहिल्याच फ्रेटवर, नटच्या कुशीत, आणि सगळ्या जगाची अडचण तिथेच का होते ते मला त्या क्षणी कळलं. बाराव्या फ्रेटवर सहावी तार 3.2 मिलिमीटर उंच होती, पहिली 2.5. नटच्या खाचांत बारीक कानस फिरली, सॅडल, म्हणजे दुसऱ्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, खालून 1.6 मिलिमीटर घासली (सॅडल जेवढी घासाल त्याच्या निम्मी उंची बाराव्या फ्रेटवर कमी होते), आणि आकडे 2.4 व 1.7 वर आले. तासाभराचं काम. बाहेर येऊन तिथल्याच बाकावर एफ कॉर्ड धरली आणि मला रागच आला, स्वतःचा.

ज्यांना लगेच गिटार दाखवायला नेणं जमणार नाही त्यांच्यासाठी एक युक्ती: सहाही तारा अर्धा सूर उतरवा, म्हणजे पांढरी तीनची तार काळी दोनवर आणा, आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा. पट्टी मूळचीच राहते, ताण दहा-अकरा टक्क्यांनी उतरतो आणि नटच्या उंचीचा प्रश्नच मिटतो, कारण नटचं काम आता कॅपो करतो. फक्त फ्रेट एकेक पुढे मोजायचे. नट नीट करायचं ठरवलंच, तर पुढे कोणतं गेज लावणार हे आधी सांगा. 10साठी कोरलेल्या खाचेत 12ची तार अडकते, आणि सूर लावताना टिंग करून उडी मारते. नायलॉनच्या तारा स्टीलच्या गिटारवर चढवायचा सल्लाही मला मिळाला होता. ऐकू नका. तेवढ्या कमी ताणावर त्या गिटारची वरची पाटी नीट बोलतच नाही. उलटा प्रयोग, क्लासिकल गिटारवर स्टील, तर ब्रिज (तारा जिथे बांधतात ती पट्टी) उखडण्याची सोय.

खात्री करायला मुद्दाम एक आठवडा 12-53 परत लावल्या. दुरुस्त झालेल्या गिटारवर त्या मला वीस-पंचवीस मिनिटं सहज झेपल्या, आणि आवाज, काय सांगू, भरदार, खर्ज छातीत जाणवणारा. मोठ्या पंजाचा, रोज तासभर वाजवणारा माणूस असेल तर त्याने 12 सोडूच नयेत असं मी म्हणेन. मला मात्र एफसारख्या आडव्या बोटाच्या (बारे) कॉर्डची चार कडवी झाली की मनगट आठवण करून द्यायचं.

म्हणून शेवटी 11-52, फॉस्फर ब्राँझ, कोटेड. फॉस्फर ब्राँझमध्ये तांब्याबरोबर थोडं कथील आणि फॉस्फरसचा अंश असतो. गिटारसाठी ते 1974 मध्ये डॅडारियोने आणलं. 80/20 पेक्षा आवाज उबदार, आणि झळाळी जायलाही वेळ लागतो. कोटिंग म्हणजे गुंडाळीवरचा प्लास्टिकसारखा अतिशय पातळ थर. पहिले दोन दिवस बोटं साबण लावल्यासारखी निसटतात, मग सवय होते. घासण्याचं दुखणं यानेच गेलं, कॉर्ड बदलतानाची ती कर्कश चीं-चींही निम्मी झाली. माझ्या सेटमध्ये साध्या तारांवरही गंज न चढणारी प्रक्रिया केलेली आहे, आणि मला ती कोटिंगपेक्षा मोलाची वाटते. गंजून खडबडीत झालेली पहिली तार बोटाला नव्या 12पेक्षा जास्त छळते. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने तारा पुसायच्या, आणि भांडी घासून किंवा आंघोळ करून ओल्या, फुगलेल्या बोटांनी लगेच वाजवायला बसायचं नाही.

तीन महिने झाले. पिक जिथे लागतो तिथे तिसऱ्या तारेच्या कोटिंगचे पांढरे धागे सुटायला लागलेत, दिसायला वाईट, आवाजात अजून काही नाही. पुढचा सेट आणून ठेवलाय, 11चाच. सिल्कचा जुना सेट मात्र गुंडाळून गिटारच्या केसच्या खिशात ठेवलाय. चौथी तार तेवढी नवी मिळाली तर रात्रीसाठी पुन्हा चढवीन.