चावीचे की ऑटोमॅटिक? जुने घड्याळ रोज घालणाऱ्यासाठी एक तुलना

जुन्या स्विस घड्याळांच्या नादाला लागलेला माणूस पहिले मोठे घड्याळ घ्यायला निघतो, तेव्हा कंपनी, साल आणि तबकडीचा रंग यांवर त्याची महिनोन्महिने चर्चा चालते. रोज चावी द्यावी लागणारे घड्याळ घ्यायचे की मनगटाच्या हालचालीवर चालणारे, हा प्रश्न मात्र अगदी शेवटी निघतो आणि ‘ऑटोमॅटिक म्हणजे वरचे मॉडेल’ एवढ्या उत्तरावर मिटवला जातो. नवे घड्याळ विकत घेणाऱ्याच्या बाबतीत हे उत्तर एकेकाळी बरोबर असेलही. पन्नास-साठ वर्षे जुने घड्याळ घेऊन ते प्रत्यक्ष हातात घालणाऱ्याने त्याचा थोडा फेरविचार करावा, असे दोन्ही प्रकारची घड्याळे वापरल्यानंतर मला वाटू लागले आहे. जे केवळ तिजोरीत ठेवण्यासाठी घेतात, त्यांना पुढील मजकुराचा फारसा उपयोग नाही.

तुलना न्याय्य व्हावी म्हणून एकाच कंपनीच्या, जवळपास एकाच काळातील दोन मशीन डोळ्यांसमोर ठेवू. ओमेगाने 1939 च्या सुमारास आणलेले आणि 1960 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत निरनिराळ्या क्रमांकांनी चालू ठेवलेले 30 मिलिमीटर व्यासाचे चावीचे मशीन एका बाजूला, आणि 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेली 550 मालिकेतील ऑटोमॅटिक मशीन दुसऱ्या बाजूला. दोन्ही ओमेगाच्याच ‘सीमास्टर’ या घड्याळांच्या मालिकेत सापडतात, दोन्ही सुंदर आहेत आणि नीट सर्व्हिसिंग झालेले असेल तर दोन्ही आजही लाजवत नाहीत. माझे स्वतःचे ऑटोमॅटिक त्याच पिढीतील, परंतु दुसऱ्या घराण्याचे आहे. त्याचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण माझी तक्रार कोणा एका घराण्याविषयी नसून त्या काळच्या रचनेविषयी आहे.

आधी ऑटोमॅटिकची बाजू मांडतो, कारण ती कमकुवत मुळीच नाही. दिवसभर हातात असलेल्या ऑटोमॅटिकची मेन स्प्रिंग सतत थोडीथोडी भरत राहते, त्यामुळे तिचा ताण फारसा खालीवर होत नाही आणि घड्याळाची चाल एकसारखी राहते. दुसरे म्हणजे त्याच्या चावीला आपला हात क्वचितच लागतो. जॉन हारवूड या इंग्रज घड्याळ-कारागिराने 1920 च्या दशकात मनगटी ऑटोमॅटिक घडवले, ते मुळात याच विचाराने. दुरुस्तीला येणाऱ्या घड्याळांत चावीच्या दांड्यावाटे धूळ आणि दमट हवा शिरते, हे त्याच्या ध्यानात आले होते. त्याने चावीच काढून टाकली आणि काचेभोवतीची कडी फिरवून वेळ लावण्याची सोय केली. रोलेक्सने 1931 मध्ये पूर्ण वर्तुळात फिरणारा रोटर, म्हणजे हात हलला की फिरून स्प्रिंग भरणारे वजन, पाणबंद केसमध्ये बसवला, त्यामागेही हेच तर्कशास्त्र होते. मुंबई, कोकण किंवा गोव्यात जून ते सप्टेंबर घड्याळ घालणाऱ्याला हा मुद्दा पुस्तकी वाटणार नाही. चावीच्या घड्याळात आपण रोज सकाळी तेच दार किलकिले करत असतो, आणि तेथील रबरी वायसर जुना, कडक झालेला असेल तर काचेच्या आतून बाष्प धरायला एक दमट दुपार पुरते.

तरीही ऑटोमॅटिकचा लाभ मिळण्यासाठी हात हलावा लागतो. मी दिवसाचा बराच भाग टेबलाशी बसून काढतो, त्यात डावा हात तर नुसता टेकलेला असतो. अशा दिवशी रात्री काढून ठेवलेले ऑटोमॅटिक पहाटेपर्यंत चालते, पण जेमतेम चालते, असा माझा अनुभव आहे. ज्यांच्या कामात उठबस आहे, त्यांचा अनुभव निराळा असू शकेल. 1940 च्या दशकातील ‘बंपर’ प्रकारात, म्हणजे रोटर पूर्ण न फिरता दोन स्प्रिंगांच्या मध्ये आदळत राहतो त्या प्रकारात, मनगटावर बारीकसा धक्का जाणवत राहतो. काहींना त्याचे वेड असते आणि मला ते समजू शकते, पण दिवसभराच्या सोबतीला तो मला थोडा बोलका वाटतो.

चावीच्या घड्याळाचे पहिले सुख जाडीत आहे. रोटर आणि त्याचा सगळा परिवार नसल्याने घड्याळ चपटे राहते आणि शर्टाच्या बाहीखाली न अडकता सरकते. दुसरे सुख सांगायला थोडे बालिश वाटेल, तरी सांगतो. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत चावी धरून फिरवताना खटका, म्हणजे स्प्रिंगला उलटी सुटू न देणारी आतली अडकण, दातांवरून घसरतो, त्याची बारीक करकर बोटांना ऐकू येते. सुरुवातीला चावी सैल असते, मग हळूहळू भरीव होत जाते आणि शेवटी एका ठिकाणी ठामपणे थांबते. तेथे आपणही थांबावे. ‘जास्त चावी दिली की स्प्रिंग तुटते’ ही घरोघरी ऐकलेली भीती बरीचशी निराधार आहे. जुन्या पोलादी स्प्रिंगा गंजून आणि थकून तुटतात, आणि ती वेळ बहुधा चावी देतानाच येते, म्हणून दोष चावी देणाऱ्याच्या माथी बसतो. सर्व्हिसिंगच्या वेळी कारागिराला न गंजणाऱ्या मिश्रधातूची नवी स्प्रिंग टाकायला सांगितले की हा प्रश्न उरत नाही. विसरभोळ्या माणसाचे काय, हा आक्षेप रास्त आहे, पण सकाळी घड्याळ हातात बांधण्यापूर्वीच चावी द्यायची सवय लावून घेतली तर ती फार लवकर अंगवळणी पडते. सकाळचीच वेळ बरी, कारण मग दिवसभर स्प्रिंग भरलेल्या अवस्थेत राहते आणि तिचा उतरता काळ रात्री, घड्याळ मेजावर असताना जातो.

इथपर्यंत पारडे जवळपास समतोल होते, आणि तसे पाहिले तर माझा कल ऑटोमॅटिककडेच होता. तो बदलला तो तारखेच्या त्या चिमुकल्या खिडकीमुळे.

संग्रह करणाऱ्याकडे एकच घड्याळ कधीच राहत नाही. आज हे, उद्या ते, असे फिरते वेळापत्रक सुरू होते आणि हातात नसलेले ऑटोमॅटिक दीड-दोन दिवसांत बंद पडते. चावीचेही पडतेच, परंतु ते पुन्हा सुरू करायला चावी आणि काटे एवढेच करायचे असते. त्या काळातील बहुसंख्य ऑटोमॅटिक तारखेची असतात आणि त्यांतील कित्येकांत तारीख झटपट बदलण्याची सोय नसते. समजा घड्याळ सात तारखेला बंद पडले आणि आपण ते बावीस तारखेला घालायला घेतले. आता पंधरा दिवस पुढे न्यायचे, म्हणजे काटे बारा ओलांडून पुढे न्यायचे, तारीख पडली की मागे रात्रीच्या नऊपर्यंत आणायचे, पुन्हा बारा ओलांडायचे, आणि असे पंधरा वेळा. काही मशीनना हे मागे-पुढे चालते, काहींना चालत नाही. ज्यांना चालत नाही, त्यांचे काटे प्रत्येक तारखेसाठी पूर्ण चोवीस तास फिरवावे लागतात. सकाळी निघायची घाई, चहा निवत चाललेला आणि आपण खिडकीपाशी उभे राहून ऑक्टोबर महिना हाताने ढकलत आहोत, हे चित्र पहिल्या काही वेळा मौजेचे वाटते.

त्यातही बंद घड्याळातील बारा हे दुपारचे की रात्रीचे हे चेहऱ्यावरून कळत नाही. अंदाज चुकला तर तारीख भरदुपारी, जेवणाच्या सुमारास बदलते. रात्री नऊनंतर तारखेचे चाक हळूहळू गुंतू लागते, त्या वेळेत जबरदस्तीने झटपट तारीख बदलणे पुष्कळ जुन्या मशीनना सोसत नाही, एखादा दात मोडला की तो भाग मिळवण्यासाठी वणवण होते. पुढच्या काळात सोय आली हे खरे. ओमेगाच्या 564 आणि 565 या मशीनमध्ये चावी शेवटपर्यंत बाहेर ओढली की तारीख एकेक घर पुढे सरकते. युक्ती सुरेख आहे, पण अर्ध्या शतकाच्या ओढाताणीनंतर ती यंत्रणा प्रत्येक घड्याळात निरोगी असेलच असे नाही. आणि काहीही केले तरी फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर व नोव्हेंबर संपले की तारखेला हात लावावाच लागतो.

यावर तीन उपाय सुचवले जातात. एक म्हणजे चुकीची तारीख तशीच राहू द्यावी. माझ्या ओळखीत असे शांत स्वभावाचे लोक आहेत आणि मला त्यांचा हेवा वाटतो, परंतु चौकट दिसली की माझा डोळा तिथे जातोच, आणि मग वेळही खोटी वाटू लागते. दुसरा उपाय विजेवर फिरणाऱ्या पेटीचा. न घातलेले घड्याळ त्यात सतत चालू राहते खरे, पण म्हणजे ते सतत झिजतही राहते आणि त्याचे तेलही वापरले जात राहते. जुन्या मशीनला मिळालेली विश्रांती मला तोट्याची वाटत नाही. तिसरा उपाय बिनतारखेच्या ऑटोमॅटिकचा, आणि तो मला सर्वांत पटतो. 550, 551 आणि 552 ही ओमेगाची मशीन बिनतारखेचीच आहेत. तसे चांगले घड्याळ वाजवी किमतीत समोर आले, तर माझ्या पुढच्या युक्तिवादाची धार बरीच कमी होईल हे मान्य करतो.

दुरुस्तीचा मुद्दा थोडक्यात. ऑटोमॅटिकमध्ये भाग अधिक, म्हणून खर्चही अधिक, एवढे सर्वांना ठाऊक असते. त्याहून महत्त्वाचे असे, की आपल्या शहरांत जुन्या स्विस मशीनवर विश्वासाने हात चालवणारे कारागीर कमी होत चालले आहेत, आणि जे आहेत त्यांच्यापैकी कित्येकांचा हात चावीच्या मशीनवर अधिक बसलेला आहे. रोटरची दिशा बदलणारी चाके झिजली की चावी देताना रोटरही आत गरगर फिरू लागतो. रोटरचा धुरा सैल झाला की मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चंद्रकोरीसारखा घासल्याचा ओरखडा उमटतो. घेण्यापूर्वी झाकण उघडून हा ओरखडा अवश्य पाहावा, विक्रेत्याच्या वर्णनापेक्षा तो अधिक प्रामाणिक असतो.

नव्याने रंगवलेल्या तबकडीचा धोका दोन्ही प्रकारांत सारखाच, त्यामुळे तो निर्णयात धरू नये. सहाच्या आकड्याखालची ‘स्विस मेड’ ही अक्षरे जाड, वाकडी किंवा अर्धी कापलेली दिसली तर सावध व्हावे. परदेशातील संग्राहक अशा रंगरंगोटी केलेल्या घड्याळांना ‘बॉम्बे स्पेशल’ म्हणतात, ही कीर्ती आपण मिळवली आहे खरी.

ओमेगाच्या किमतीला हात घालण्यापूर्वी आपला स्वभाव जोखायचा असेल, तर घरच्या घरी स्वस्तात प्रयोग करता येतो. एचएमटीने सिटिझनच्या सहकार्याने 1961 मध्ये बेंगळुरूला घड्याळांचा कारखाना सुरू केला. त्यांची चावीची ‘जनता’ आणि ऑटोमॅटिक ‘कांचन’ ही दोन्ही कोणा ना कोणा नातेवाइकाच्या कपाटात निघण्याची शक्यता बरीच आहे. दोन्ही आलटूनपालटून घालून पाहावीत. ऑटोमॅटिकचा प्रयोग सेको या जपानी कंपनीच्या जुन्या ‘सेको 5’ घड्याळावर करणार असाल तर एक लक्षात असू द्या, त्यांतील बऱ्याच मशीनना चावी देताच येत नाही, बंद पडले की हातात धरून हलवत बसावे लागते.

क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेले घड्याळ, घ्यायचा असेल तर मात्र निवड आधीच झालेली आहे. ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ 1969 पूर्वी बाजारातच नव्हते, आणि त्याच वर्षी चंद्रावर गेलेले ओमेगाचे स्पीडमास्टर चावीचेच होते. रोलेक्सची डेटोना तर 1988 पर्यंत चावीवर चालली. हॉलिवूड अभिनेते पॉल न्यूमन यांची स्वतःची डेटोना 2017 च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 1 कोटी 77 लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली, तिलाही रोज सकाळी चावी द्यावी लागते. ‘ऑटोमॅटिक म्हणजे वरचे मॉडेल’ म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण हळूच सांगतो.

ज्यांना एकच घड्याळ घ्यायचे आहे, तेच रोज घालायचे आहे आणि ज्यांचे काम फिरतीचे आहे, त्यांनी ऑटोमॅटिक घ्यावे, शक्यतो बिनतारखेचे. ज्यांच्या खणात आधीच एखादे घड्याळ आहे आणि तिसरेही येणार हे ज्यांना मनातून ठाऊक आहे, त्यांनी मात्र चावीच्या घड्याळाकडे कमीपणाने पाहू नये, आणि माझे मत विचाराल तर आधी तेच पाहावे. बहुधा त्याच पैशांत अधिक चांगल्या स्थितीतील तबकडी पदरात पडते, हाही एक फायदा. घेताना दुकानातच पूर्ण चावी देऊन पाहा. मध्येच चावी घसरत असेल किंवा उलटी परतत असेल तर खटका किंवा त्याची स्प्रिंग बदलावी लागेल, आणि तो खर्च किमतीतून वजा करायला सांगण्यात संकोच बाळगू नये. तारखेचेच ऑटोमॅटिक घ्यायचे ठरले असेल, तर पैसे देण्यापूर्वी काटे स्वतः फिरवून तारीख तीसवरून एकतीसवर आणि तेथून एकवर जाते का ते पाहा. विक्रेता म्हणाला की एवढ्यासाठी कशाला थांबता, तरीही थांबा.