‘हो’ म्हणालो, त्याचे ७,१९४ रुपये ४६ पैसे

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. कराडजवळच्या एका पतसंस्थेत एकोणीस वर्षं लेखापाल आहे. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ हा आमच्या काउंटरवरचा फलक माझ्याच अक्षरातला. म्हणूनच हे लिहायला इतके महिने गेले. मला कोणी ओटीपी विचारलाच नाही हो. पिन नाही, लिंक नाही. फोनवर फक्त ‘हो’ म्हणायला लावलं, आणि क्रेडिट कार्डावर एक ‘कार्ड हरवलं तर’वाला प्लॅन चिकटवला.

मार्च २०२२, वर्षअखेर. ताळेबंद ४० रुपयांनी जुळत नव्हता आणि दोन पिग्मी एजंट डोक्यावर उभे. तेवढ्यात फोन. कार्डवाल्यांचे फोन हिंदीत येतात आणि आपण ते तिथल्या तिथे कापतो. ही बाई मराठीत बोलली. “नमस्कार सर, जेवण झालं का?” तिथेच मी विरघळलो. कार्डाचे शेवटचे चार आकडे तिनेच सांगितले. मग प्लॅन सांगितला : कार्ड हरवलं तर एका फोनवर सगळी कार्डं बंद, वर लाखापर्यंत विमा. पैसे पडतील का, हे मी विचारलं होतं, हे लक्षात घ्या. उत्तर आलं, “तुम्ही जुने ग्राहक, आत्ता काही भरायचं नाही सर.”

आत्ता! थकीत कर्जदारांच्या तोंडून हा शब्द रोज ऐकणारा माणूस मी.

पण खरं कळायला हवं होतं ते पुढे. “आता नियमाप्रमाणे थोडं वाचून दाखवते, शेवटी फक्त हो म्हणा,” असं म्हणून बाई एकदम इंग्रजीत गेली, आणि एक्स्प्रेस गाडीसारखी सुटली. जेवणाची चौकशी मराठीत, अटी इंग्रजीत! ‘बाई, हेही मराठीत सांगा’ एवढं एक वाक्य बोललो असतो तर संपलं होतं. एजंटांसमोर इंग्रजी कळत नाही असं दिसायला नको, म्हणून ‘हो’ म्हणालो. ही लाज खरी.

पुढच्या बिलात १,८९९ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,२४०.८२. २०२३ मध्ये आपोआप नूतनीकरण, दर वाढवून २,०९९, जीएसटीसह २,४७६.८२. २०२४ मध्ये पुन्हा तेवढेच. दिसलं कसं नाही म्हणाल, तर बिल खात्यातून परस्पर भरलं जातं आणि नोंदीत ‘विमा’ हा शब्द नव्हता, पाच-सहा अक्षरांचं काहीतरी होतं. फास्टॅग असेल असं वाटलं. परस्पर बिल भरत असाल तरी महिन्यातून एकदा ओळ न् ओळ वाचा.

गंमत पुढेच आहे. जानेवारी २०२५ मध्ये स्वारगेटला पाकीट मारलं गेलं. मी बँकेला फोन केला, चार मिनिटांत कार्ड बंद, फुकट. ज्या दिवसासाठी तीन वर्षं पैसे भरले तो दिवस आला, आणि माझ्याकडे तो प्लॅन आहे हेच मला माहीत नव्हतं! मार्चमध्ये प्लॅनवाल्यांचा पहिला मेसेज दिसला : तुमचे शुल्क वसूल होऊ शकले नाही. जुनं कार्ड बंद झालं होतं ना.

मग पैसे परत मागायला वणवण. शाखेतला पोरगा म्हणाला, “काका, कार्ड विभाग वेगळा.” कार्ड विभाग म्हणाला, प्लॅन दुसऱ्या कंपनीचा. कंपनी म्हणाली, तुमची संमती आहे, आणि रेकॉर्डिंगचे शेवटचे आठ सेकंद ऐकवले. त्यात माझा ‘हो’. आधीची अकरा मिनिटं? ती ‘उपलब्ध नाहीत’. विम्याच्या तक्रारी घेणाऱ्या ठिकाणी गेलो तर हा विमाच नव्हे, सदस्यत्व आहे, विमा त्यासोबत मोफत! विकताना विमा, परत मागताना सदस्यत्व. एका फोनवर २६ मिनिटं संगीत ऐकलं आणि लाइन कटली. एक साहेब तर म्हणाले, एवढ्याशा रकमेसाठी? एवढ्याशाच रकमेवर तर यांचा धंदा चालतो. माझा भाचा लंडनला असतो. तिकडे हाच माल असाच खपवला होता, वर्षाला साधारण ३० पौंडांना. २०१३ मध्ये तिथल्या वित्तीय नियामकाने तेरा बँका आणि कार्ड कंपन्यांना भरपाईच्या योजनेत आणलं, तरतूद १.३ अब्ज पौंडांपर्यंत. सुमारे ७० लाख ग्राहकांना घरबसल्या पत्रं गेली. इथे मी झेरॉक्सच्या दुकानात.

शेवटी फोन बंद केले आणि कागद धरला. तुम्हीही तेच करा, फोनवरची तक्रार हवेत जाते. आणि तक्रार बँकेकडे लेखी करा, प्लॅनवाल्याकडे नको. माझा एक महिना तिथेच वाया गेला. पत्रात लिहिलं : रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांनुसार विमा द्यायचा तर स्पष्ट संमती लेखी किंवा डिजिटल हवी, नॉमिनीच्या तपशिलासह. माझा नॉमिनी कोण ते सांगा. आणि ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे कार्ड गेल्याचं कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचंच, मग मला विकलं काय? तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जातो. तिथे फी नाही, वकील नको.

सत्ताविसाव्या दिवशी दोन नूतनीकरणांचे ४,९५३.६४ जमा झाले. ‘सद्भावना म्हणून.’ माझेच पैसे, सद्भावना त्यांची! पहिल्या वर्षाचे २,२४०.८२ मात्र नाकारले, कारण ते निर्देश १ जुलै २०२२ पासून लागू आणि माझा ‘हो’ मार्चमधला.

त्यासाठी लोकपालाकडे अर्ज केलाय. आमची ही म्हणाली, “झेरॉक्स आणि टपालाचे पैसे धरलेत का?” धरलेत. १८६ रुपये. तेही मागितलेत.