नव्या फिश टँकचे पाणी बिघडले तर बदलावे, थांबावे की औषध टाकावे?

नव्या फिश टँकमधील पाण्याचा रंग बदलला की सोलापुरात घरातून, शेजारातून आणि दुकानातून साधारण तीन सल्ले मिळतात: सगळे पाणी काढून टाकी घासून पुन्हा भरा, निळ्या औषधाचे थेंब टाका, नाहीतर तुरटी फिरवा. यांपैकी पहिला सल्ला क्वचितच उपयोगी पडतो, दुसरा बहुतेक वेळा अस्थानी असतो आणि तिसरा माशांच्या जिवावर बेतू शकतो, असे माझे स्पष्ट मत आहे. पांढुरके, हिरवे आणि पिवळट-तपकिरी पाणी ही वेगवेगळ्या कारणांची लक्षणे आहेत आणि एका कारणावरचा उपाय दुसऱ्या ठिकाणी अपाय करतो. म्हणून उपाय निवडण्याआधी निदान झाले पाहिजे.

त्यासाठी महागडे काही लागत नाही. काचेचा स्वच्छ पेला टाकीच्या मध्यापर्यंत बुडवून भरावा, खिडकीजवळ पांढऱ्या कागदावर ठेवावा आणि दिवसाच्या उजेडात वरून व बाजूने पाहावा. टाकीमागचे निळे चित्र आणि खालची रंगीत खडी यांमुळे टाकीत पाहून रंगाचा अंदाज हमखास चुकतो. पेल्यात तो चुकत नाही. मग तोच पेला रात्रभर न हलवता ठेवावा. सकाळी तळाशी गाळ बसून वरचे पाणी निवळले असेल तर ती धूळ होती. पाणी दुधाळच राहिले असेल तर जीवाणूंचा संशय घ्यावा. हिरवे पाणी हिरवेच राहते, आणि पाणी आरपार स्वच्छ दिसत असूनही त्याला रंग असेल तर तो रंग विरघळलेला आहे, गढूळपणाचा नाही. बोअरचे पाणी भरले असल्यास दुसऱ्या पेल्यात व्हिनेगरचे काही थेंब टाकून पाहावेत. पांढरेपणा विरून गेला तर तो चुन्याचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा आहे.

सर्वाधिक गोंधळ पांढुरक्या पाण्याबाबत होतो, म्हणून त्यातील तीन प्रकार शेजारी शेजारी ठेवून पाहू. धुळीचा पांढरेपणा टाकी भरल्यापासून काही तासांतच दिसतो, कारण तो नीट न धुतलेल्या खडीतून किंवा वाळूतून येतो. एक-दोन दिवसांत तो खाली बसतो आणि फिल्टरचा कापूस राखाडी होतो. चुन्याचा पांढरेपणा जड पाण्यात येतो: एअर पंप सुरू झाल्यावर पाण्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पाणी तापते आणि विरघळलेला चुना बारीक कणांच्या रूपात बाहेर पडतो. या दोन्हींत माशांना तातडीचा धोका नाही आणि खडी पुन्हा धुणे किंवा थोडे पाणी बदलणे येथे रास्त ठरते. जीवाणूंचा पांढरेपणा मात्र पहिल्या दिवशी सहसा नसतो. तो मासे सोडून खाणे सुरू झाल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पहिल्या दोन आठवड्यांत केव्हाही येतो, आणि आदल्या रात्री स्वच्छ असलेली टाकी सकाळी धुक्यात गेल्यासारखी दिसते.

हे जीवाणू उरलेले खाणे आणि विष्ठा यांवर जगतात व अनुकूल परिस्थितीत तासाभराच्या आत दुप्पट होतात. आपल्याला हवे असलेले जीवाणू वेगळे आहेत. ते माशांनी सोडलेल्या अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात, पण अतिशय सावकाश वाढतात. त्यांची संख्या दुप्पट व्हायला बहुधा १५ ते २४ तास किंवा अधिक वेळ लागतो. म्हणूनच नव्या टाकीत अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचे हे चक्र बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. शिवाय हे उपयोगी जीवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर आणि काचेवर थर धरून राहतात.

आता सगळे पाणी बदलणे आणि थांबणे यांची तुलना करू. सगळे पाणी काढून टाकी घासली आणि स्पंज नळाखाली धुतला, तर जेमतेम रुजू लागलेला थर खरवडून निघतो आणि नळाच्या पाण्यातील क्लोरीन उरलेलाही मारतो. टाकी त्या दिवशी चकाकते आणि चार दिवसांत पुन्हा दुधाळ होते, कारण चक्र पहिल्या पायरीवर परतलेले असते. थांबण्याचा मार्ग दिसायला निष्क्रिय वाटतो, पण त्यात करण्यासारखे पुष्कळ आहे: खाणे दोन दिवस पूर्ण बंद ठेवावे व नंतर दिवसातून एकदा, मासे दोन मिनिटांत संपवतील एवढेच द्यावे, तळाचे उरलेले खाणे नळीने ओढून काढावे आणि एअर पंप दिवसरात्र चालू ठेवावा. हवा महत्त्वाची आहे, कारण वाढलेले जीवाणू ऑक्सिजन खातात. २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ अंशांना तो सुमारे ७ वर येतो. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये, जेव्हा बाहेर पारा ४० च्या वर असतो, तेव्हा ही तूट माशांना जाणवते. मासे पहाटे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले तर फिल्टरचे पाणी उंचावरून पडेल अशी व्यवस्था लगेच करावी. एवढे केल्यास बहुतेक टाक्या आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप निवळतात.

थांबण्याला एकच ठाम अपवाद आहे, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. पाणी स्वच्छ असो वा दुधाळ, अमोनिया मोजलाच पाहिजे. थेंबांचा संच घेतला तर छोट्या नळीत ठरलेल्या मापाचे पाणी आणि थेंब घालून काही मिनिटे थांबायचे असते. नेहमीच्या संचांत रंग पिवळा राहिला तर अमोनिया नाही, आणि तो हिरवट होत गेला तर आहे. रंगाची तुलना ट्यूबलाइटखाली न करता दिवसाच्या उजेडात करावी, कारण पिवळा आणि पोपटी यांतला फरक कृत्रिम प्रकाशात निसटतो. मोजमाप लिटरला ०.५ मिलिग्रॅम किंवा अधिक आले तर थांबू नये. पाव ते एक तृतीयांश पाणी त्याच दिवशी बदलावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे. येथे पीएच, म्हणजे पाणी आम्लीय की अल्कधर्मी हे सांगणारा आकडाही पाहावा. २५ अंशांच्या पाण्यात पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ झाल्यावर हे प्रमाण पाच टक्क्यांच्या वर जाते. म्हणजे सारख्याच मोजमापाला बोअरच्या जड, अल्कधर्मी पाण्यात माशांना सुमारे दहापट धोका असतो.

पाव पाणी आणि सगळे पाणी यांतील फरक सोलापुरात व्यवहारातही मोठा आहे. शहराला उजनी धरण आणि हिप्परगा तलाव येथून येणारे नळाचे पाणी काही दिवसांआड येते. दोन फुटी टाकीत, म्हणजे ६० बाय ३० बाय ३० सेंटिमीटरच्या टाकीत, काठोकाठ ५४ लिटर मावते. तेवढे पाणी घरच्या साठ्यातून एका वेळी काढणे जड जाते, पण १२-१५ लिटरची एक बादली सहज निघते. नळ आल्यावर पहिले काही मिनिटांचे गढूळ पाणी जाऊ द्यावे, नंतरचे उघड्या बादलीत भरून एअर स्टोन (पंपाची हवा बुडबुड्यांत सोडणारा दगड) लावून दिवसभर ठेवावे, म्हणजे क्लोरीन उडून जाते. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेटचे अँटी-क्लोरीन बाटलीवरील मापाने वापरावे. बोअरचे पाणी सतत जड असले तरी तेच कायम वापरणे, दर वेळी नळ, टँकर आणि आरओ असे आलटूनपालटून भरण्यापेक्षा बरे. मासे जड पाण्याला जुळवून घेतात, रोजच्या बदलाला नाही. नुसत्या आरओच्या पाण्यात खनिजे जवळपास नसतात, म्हणून ते एकटे भरू नये.

हिरव्या पाण्याबाबत निर्णय उलट आहे: येथे वाट पाहून काही होत नाही. हे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शेवाळ आहे आणि ऊन, दिव्याचा अतिरेक व खाण्यातून आलेली पोषकद्रव्ये मिळेपर्यंत ते टिकून राहते. टाकी खिडकीच्या थेट उन्हात असेल तर आधी ती जागा बदलावी आणि दिवा सहा ते आठ तासांवर आणावा. त्यानंतर जाड चादरीने टाकी तीन-चार दिवस पूर्ण झाकणे आणि यूव्ही (अतिनील किरणांनी शेवाळ मारणारा) दिवा बसवणे असे दोन मार्ग उरतात. झाकण्याला खर्च नाही, मात्र मेलेले शेवाळ कुजून अमोनिया वाढवते. त्या काळात हवा चालू ठेवावी, खाणे देऊ नये आणि चादर काढल्यावर पाव पाणी बदलावे. यूव्ही दिवा खात्रीशीर आहे, पण नव्या टाकीसाठी मी तो आधी घ्यायला सांगणार नाही. जागा चुकीची असेल तर दिवा बंद होताच हिरवळ परतते.

पिवळट-तपकिरी पण पारदर्शक पाणी टाकीतल्या लाकडामुळे असेल तर ते निरुपद्रवी आहे. लाकूड आठवडाभर भिजवले किंवा उकळले तर रंग कमी होतो आणि फिल्टरमध्ये सक्रिय कार्बन ठेवल्यास उरलेलाही जातो. काचेवर तपकिरी थर आहे पण पाणी स्वच्छ आहे, असे असेल तर ते डायटम शेवाळ. नव्या टाकीत ते येते आणि पुसले तरी पुरे. रंगीत खडीचा रंग उतरला असेल तर मात्र ती काढावी. नवी चादर पहिल्या धुण्यात जेवढा रंग सोडते तेवढाच खडीनेही सोडला तर हरकत नाही, पण दोन-तीन वेळा धुऊनही पाणी रंगत राहिले तर ती खडी माशांजवळ नको. बोअरचे स्वच्छ भरलेले पाणी काही तासांत तांबूस झाले तर त्यात लोह आहे, आणि ते हवेशी संयोग पावून गाळ होते; असे पाणी आधी बादलीत हवा देऊन निवळून घ्यावे.

तुरटीविषयी स्पष्ट सांगितले पाहिजे. पिण्याच्या पाण्यात ती कण एकत्र आणते, हे खरे. टाकीत मात्र तीच पाण्याची आम्लता वाढवते, पीएच स्थिर ठेवणारा अल्कधर्मी साठा खाते आणि आम्लीय पाण्यात विरघळलेले अ‍ॅल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना घातक ठरते. निळ्या औषधाचाही येथे काही उपयोग नाही: मेथिलिन ब्लू हे बुरशी आणि काही परजीवींवरचे औषध असून गढूळपणावर ते काम करत नाही, उलट चक्र बसवणाऱ्या जीवाणूंना मारक ठरू शकते. माशाच्या अंगावर पांढरे ठिपके किंवा कापसासारखी बुरशी दिसली तर तो मासा वेगळ्या टबमध्ये ठेवून तेथेच औषध द्यावे. मुख्य टाकीत ते आधीच पडले असेल, तर उपचार संपल्यावर पाव पाणी बदलून फिल्टरमध्ये सक्रिय कार्बन ठेवावा आणि अमोनियाचे मोजमाप पहिल्या आठवड्यासारखे रोज सुरू करावे.