एबीएस वाचणारा स्कॅनर आणि साधा मल्टीमीटर, आठ महिने वापरल्यावर

आठ महिने झाले हे घेऊन, आता लिहायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते आणि दुसऱ्या महिन्यात एक, त्यामुळे थांबलो ते बरंच झालं.

स्कॅनर घेतला कशाला तर गाडीत एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि ईएससीचे (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) दिवे लागायचे. कायम नाही, पाऊस पडून गेला की नाहीतर खड्ड्यातून गेलो की. ब्रेक लागत होते नीट, पण दिवा पेटलेला असताना चाक लॉक होण्यापासून वाचवणारं काही उरत नाही त्यामुळे दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट नव्हती. आधी माझ्याकडे ते अंगठ्याएवढं ब्लूटूथवालं रीडर होतं, ते बिचारं फक्त इंजिनचे, म्हणजे पी ने सुरू होणारे बिघाडाचे कोड दाखवायचं. ब्रेकचे कोड सी ने सुरू होतात आणि एबीएसच्या मॉड्यूलमध्ये (त्याच्या कंट्रोल युनिटमध्ये) असतात, तिथपर्यंत पोचणारा स्कॅनरच लागतो. हा लावला आणि दोन मिनिटांत सी००४४ आला, ब्रेक प्रेशर सेन्सर. स्क्रीनवर खाली चक्क "सेन्सर बदला" असा सल्ला. मी ऐकला. इथेच चुकलो.

आता मीटर माझ्या हातात होता, तपासलं नाही असं नाही. सेन्सरला तीन वायरी, ५ व्होल्टचा सप्लाय, सिग्नल आणि अर्थ (मायनसकडे जाणारी वायर). काळी प्रोब बॅटरीच्या मायनसला धरली, लाल सप्लायच्या वायरीला, बरोबर ५ आले. कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढून अर्थच्या वायरीची कंटिन्युटी, म्हणजे वायर सलग आहे का ते बघितलं, मीटर पीं वाजला. म्हटलं वायरिंग ओके, सेन्सर गेला. नवीन आणला, जुना मास्टर सिलेंडरवरून खोलला, थोडं ब्रेक ऑइल सांडलं (रंगावर पडलं तर लगेच पाण्याने धुवा, थांबलात तर रंग गेलाच), मग हवा काढायचं काम वेगळं, अख्खा रविवार गेला. आणि चौथ्या दिवशी दिवा परत हजर, कोड तोच.

त्यानंतर कोड बघायचं सोडलं आणि लाइव्ह डेटा (सेन्सर त्या क्षणी काय आकडा देतोय ते) उघडला, हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. पेडलवर पाय नाही, गाडी उभी, आणि प्रेशर दाखवतंय १८ बार (बार हे प्रेशरचं माप). असं कसं असेल? पाय नसताना शून्याच्या आसपास पाहिजे. पेडल दाबलं तर आकडा व्यवस्थित वर जात होता, सोडलं की परत १८ वर येऊन बसत होता. म्हणजे सेन्सर मोजतोय बरोबर, फक्त त्याचा शून्यच वर सरकलाय.

मग कपलर लावलेलाच ठेवला, मागून बारीक पिन घालून मोजलं, इग्निशन चालू. माझ्या सेन्सरचा सिग्नल प्रेशर नसताना ०.५ व्होल्ट यायला हवा, येत होता ०.८६. सेन्सरची अर्थ वायर आणि बॅटरीचा मायनस यांच्यामध्ये मोजलं तर ०.४ व्होल्ट. तिथे जेमतेम काही मिलीव्होल्ट असायला पाहिजेत. याच ०.४ मुळे सिग्नल वर सरकला होता. म्हणजे सप्लाय आणि सेन्सरची स्वतःची अर्थ यांच्यात मोजलं असतं तर ५ नाही, ४.६ दिसले असते. मी मोजत होतो बॅटरीच्या मायनसपासून, तिथून सगळं छानच दिसणार! सेन्सर घेतो साधारण १० मिलीअँपिअर, ०.४ भागिले ०.०१ म्हणजे वाटेत कुठेतरी ४० ओहम बसलेत. आणि माझा मीटर ५० ओहमच्या खाली काहीही असलं तरी पीं करतो. हे मीटरच्या माहितीपत्रकात लिहिलंय, वाचतं कोण. तेव्हापासून सेन्सरच्या वायरीला कंटिन्युटीचा आवाज मी मोजतच नाही, करंट वाहत असताना व्होल्टेज किती पडतंय तेच बघतो.

पुढचं सोपं होतं. स्कॅनरवर फक्त प्रेशरचा ग्राफ लावून ठेवला आणि बोनेटखाली हार्नेस (वायरींचा जुडगा) हाताने हलवत हलवत मॉड्यूलकडे गेलो, ब्रेक बूस्टरच्या खाली एक जोड कपलर आहे तो हलवला की ग्राफ उड्या मारायला लागला. उघडला तर आत हिरवं साचलेलं, आणि अर्थची फीमेल पिन सैल पडलेली. त्या कपलरचं रबर सील फाटलं होतं, पाणी तिथूनच येत असणार. पिन बदलली, सील बदललं, डायइलेक्ट्रिक ग्रीस (पाणी आत येऊ न देणारं) लावलं, मग स्कॅनरमधून सेन्सरचं झिरो कॅलिब्रेशन केलं, म्हणजे त्याचा शून्य नव्याने ठरवला. ग्राफ सपाट, ० बार. त्याला आता साडेपाच महिने झाले, मध्ये भरपूर पाऊसही झाला, दिवा लागलेला नाही.

स्कॅनरबद्दल बोलायचं तर ग्राफ आणि कॅलिब्रेशन या दोन गोष्टींसाठी पैसे वसूल. तक्रारीही आहेत. एकावेळी सहा-सात पॅरामीटर निवडले की आकडे इतके हळू बदलतात की कपलर हलवल्याचा झटका दिसतच नाही, एकच ठेवा. उन्हात स्क्रीन वाचता येत नाही. केबल कडक आहे, गाडीच्या डायग्नोस्टिक पोर्टमधून अर्धवट निघते आणि मग "गाडीशी संपर्क नाही" म्हणून आपल्यालाच घाबरवतो. आणि पोर्टमध्ये लावून विसरलात तर गाडी बंद असली तरी तो बॅटरीतून करंट ओढत राहतो, मी दोन दिवस विसरलो होतो, तिसऱ्या दिवशी धक्का स्टार्ट. मीटरमध्ये मिन-मॅक्सचं (सर्वात कमी आणि सर्वात जास्त आकडा धरून ठेवणारं) बटण असेल असाच घ्या, माझ्यात आहे, क्षणभर पडलेलं व्होल्टेज डोळ्याला दिसत नाही पण त्यात पकडलं जातं.

विकत घेण्याआधी एक बघा, यादीत तुमच्या गाडीचं नाव आहे एवढ्यावर जाऊ नका, एबीएसचा लाइव्ह डेटा मिळतो का ते विचारा, बऱ्याच ठिकाणी फक्त कोड वाचणं आणि पुसणं एवढंच मिळतं. शिवाय काही गाड्यांत हा सेन्सर एबीएस युनिटच्या आतच असतो, तिथे माझ्यासारखं वायरीवर मोजता येणार नाही, स्कॅनरवरच भरवसा ठेवावा लागतो.

चार स्टार. एक कापला तो "सेन्सर बदला" वाल्या ओळीसाठी, काढलेला सेन्सर अजून माझ्या खणात पडलाय आणि तो ठणठणीत आहे.