लुटलेल्या चित्रांवर डेझर्टेशन: कोर्टाच्या केसेस घ्याव्यात की कमिट्यांचे रिपोर्ट?

नाझी काळात ज्यू कुटुंबांकडून लुटलेली चित्रं परत मिळवायचा कायदा, हा विषय एलएलएमच्या (कायद्यातल्या मास्टर्सच्या) डेझर्टेशनला, म्हणजे प्रबंधाला, घेतला की लगेच दोन वाटा फुटतात. एक अमेरिकन कोर्टांची, दुसरी युरोपातल्या कमिट्यांची, म्हणजे अशा दाव्यांवर चित्र परत द्यावं का हे सांगणाऱ्या सल्लागार मंडळांची. दोन्ही नीट करायला वेळ पुरत नाही, एक निवडावीच लागते. मी निवडलीये, पण आधी कोर्टाबद्दल सांगतो, कारण सुरुवातीला बहुतेक जण तिकडेच ओढले जातात.

त्याचं कारण अल्टमन केस. मारिया अल्टमनने आपल्या काकांकडची क्लिम्टची चित्रं ऑस्ट्रियाकडे मागितली, १९९९ मध्ये तिथल्या सल्लागार मंडळाने नाही म्हटलं, व्हिएन्नात दावा लावायचा तर कोर्ट फी चित्रांच्या किमतीवर, म्हणजे आवाक्याबाहेर, मग तिने कॅलिफोर्नियात केस टाकली आणि २००४ मध्ये अमेरिकन सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हो, ऑस्ट्रियावर इथे दावा चालू शकतो. जबरदस्त केस आहे. पण नीट बघितलं तर कोर्टाने फक्त दावा चालेल एवढंच म्हटलं, चित्रं कोणाची हे ठरवलं ते ऑस्ट्रियातल्या तीन लवादांनी, जानेवारी २००६ मध्ये, आणि पाच चित्रं तिला मिळाली.

माझं मत फिरलं ते कॅसिरर केस वाचताना. लिली कॅसिररला १९३९ मध्ये जर्मनीतून बाहेर पडायच्या परवानगीसाठी पिसारोचं चित्र देऊन टाकावं लागलं. ही लूट होती हे समोरची बाजूसुद्धा नाकारत नाही. तिच्या नातवाला, क्लॉडला, २००० मध्ये कळलं की चित्र माद्रिदच्या थिसेन म्युझियममध्ये आहे. २००५ मध्ये कॅलिफोर्नियात दावा, २०१० मध्ये क्लॉड वारला, केस त्याच्या मुलाने पुढे चालवली. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टात मुद्दा काय, तर कुठला कायदा लागू हे कुठल्या नियमाने ठरवायचं. २०२४ च्या सुरुवातीला अपील कोर्टाने स्पेनचा कायदा लावून चित्र म्युझियमकडेच ठेवलं, त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने अशा दाव्यांना आपलाच कायदा लागेल असा नवा कायदा केला, म्हणून २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण परत खाली पाठवलं. मी एकामागून एक निकाल वाचत गेलो आणि पानंच्या पानं नुसती प्रोसिजर, लिलीवर काय गुजरलं ते सुरुवातीच्या काही परिच्छेदांत संपतं. तिच्यावर अन्याय झाला हे सगळ्यांना मान्य असताना इतकी वर्षं भलत्याच प्रश्नावर जातात, हे मला सहनच होईना. पिकासोच्या ‘द अ‍ॅक्टर’चा दावा तर उशीर केला म्हणून २०१९ मध्ये फेटाळला गेला.

कमिट्यांचे रिपोर्ट वाचताना असं होत नाही. अशा लुटीवर न्याय्य तोडगा काढावा असं सांगणाऱ्या १९९८ च्या वॉशिंग्टन तत्त्वांना ४४ देशांनी मान्यता दिली, ती बंधनकारक नाहीत, पण त्यातून या कमिट्यांना बळ मिळालं. ब्रिटनच्या पॅनेलचा, म्हणजे तिथल्या कमिटीचा, पहिला रिपोर्ट वाचा, २००१ चा, लंडनच्या टेट गॅलरीतल्या ग्रिफियरच्या चित्राचा. दावा करणाऱ्याच्या, बेल्जियममध्ये जीव वाचवत राहणाऱ्या आईने खाण्यापिण्यासाठी ते विकलं, ही गोष्ट तिथे मध्यभागी आहे. तेव्हाच्या कायद्यात टेटला चित्र परत देता येत नव्हतं, म्हणून १,२५,००० पौंड द्यावेत आणि चित्राशेजारी त्याचा इतिहास लावावा अशी शिफारस झाली. कुटुंबाला काय हवंय याचा विचार मला इथे दिसला.

कमिट्या निर्दोष आहेत असं अजिबात नाही. ऑस्ट्रियाचं वर आलंच. जर्मनीत कित्येक वर्षं म्युझियमने हो म्हटल्याशिवाय तिथल्या कमिटीपुढे, म्हणजे कमिशनपुढे, केसच उभी राहत नव्हती. डच कमिटीने २०१८ मध्ये कँडिन्स्कीचं चित्र परत द्यायला नकार दिला, त्यात म्युझियमचं हितही तोललं, आणि ते मला आजही पटत नाही. पण २०२० मध्ये तिथल्या कोर्टानेही तो नकार कायम ठेवला! शेवटी टीका झाली, धोरण बदललं आणि अ‍ॅमस्टरडॅमने २०२२ मध्ये चित्र वारसांना दिलं.

तुम्हाला ज्युरिस्डिक्शन (दावा कुठल्या कोर्टात चालतो), लिमिटेशन (दावा लावायची मुदत) यात खरंच रस असेल तर कोर्टच घ्या, मटेरियल भरपूर मिळेल आणि गाइडलाही बहुधा तेच सोयीचं वाटेल. चित्र कोणाचं आणि का, या प्रश्नासाठी विषय घेतला असेल तर माझ्या मते कमिट्या बऱ्या. ग्रिफियर आणि कँडिन्स्की लागोपाठ वाचून मग ठरवा. कॅसिरर मात्र कुठलीही बाजू घेतली तरी वाचावीच लागेल.