स्टीम की जीओजी? गेम कुठून विकत घ्यावा

स्टीम आणि जीओजी ही पीसी गेम विकणारी ऑनलाइन दुकानं. कोथरूड-कर्वेनगरच्या पीजीत तिघे-चौघे एकाच वायफायवर असतील, तर स्टीम सोयीचं. किमती रुपयांत, यूपीआय चालतं. एकाने ८० जीबीचा गेम उतरवला की दुसऱ्याचा स्टीम त्याच फाइल्स थेट त्याच्या पीसीवरून ओढतो. सेटिंग्जमध्ये डाउनलोड्सखाली 'गेम फाइल ट्रान्सफर ओव्हर लोकल नेटवर्क' दोन्हीकडे चालू करा. तरीही इंटरनेटवरूनच उतरतंय? मग बहुधा एकजण राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर आहे. तिथे पीसी एकमेकांना दिसतच नाहीत. गेम मात्र दोघांच्याही खात्यात हवा.

स्टीमची खरी अडचण मालकीची. तुम्हाला मिळतो तो वापराचा परवाना, आणि बरेच गेम स्टीम चालू असल्याशिवाय उघडत नाहीत. खातं गेलं की सगळंच अडकतं, म्हणून स्टीम गार्ड (लॉगिनला पासवर्डसोबत आणखी एक कोड) लावाच.

जीओजीवर डीआरएम, म्हणजे गेमच्या प्रतीवरचं डिजिटल कुलूप, नाही. ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवून एक्स्टर्नल डिस्कवर ठेवला की नेट नसलं तरी गेम बसतो. मोठ्या गेमची एक .exe आणि अनेक .bin फाइल्स येतात. सगळ्या एकाच फोल्डरमध्ये हव्यात, एखादी राहिली तर इन्स्टॉल अर्ध्यात थांबतं. नवे पॅच (गेममधल्या दुरुस्त्या) मात्र त्या प्रतीत आपोआप येत नाहीत.

पैसे परत घ्यायचे तर स्टीमवर १४ दिवस आणि २ तासांपेक्षा कमी खेळ. जीओजीवर ३० दिवस, खेळला असलात तरी.

जुने, एकट्याने खेळायचे गेम जीओजीवरच घ्यावेत. मित्रांसोबतचे स्टीमवर.